विंडोज १० बंद झाले: जुन्या संगणकावर लिनक्स

विंडोज १० साठीचा सर्वसाधारण पाठिंबा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० चिप आणि साधारण २०१८ पासूनचा प्रोसेसर लागतो. मंडणगड, दापोली, लांज्याच्या बौद्धवाडीत मुंबईकरांनी पाठवलेला संगणक त्याहून जुना असेल, तर तो अटीत बसत नाही. पण म्हणून तो भंगारात घालू नये.

लिनक्स मिंट ही प्रणाली मोफत आहे. ६४-बिट प्रोसेसर, किमान २ जीबी रॅम (४ असल्यास बरे) आणि २० जीबी जागा पुरते. मांडणी विंडोजसारखी असल्याने हात लवकर बसतो. आवृत्ती २२ ला २०२९ पर्यंत सुरक्षा अद्यतने आहेत. केरळच्या सरकारी शाळांतली मुले कित्येक वर्षे लिनक्सवरच शिकत आहेत, त्यामुळे 'आपल्या पोरांना जमेल का' हा प्रश्न उरत नाही.

महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज, डिजिलॉकर, ऑनलाइन वर्ग ही कामे ब्राउझरमध्ये होतात. पत्रे आणि हिशेबासाठी लिबरऑफिस आहे. बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या खंडांच्या पीडीएफ तशाच उघडतात. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाचे तिपिटकाचे सॉफ्टवेअर मात्र विंडोजसाठी बनले आहे. लिनक्सवर तेच पाली तिपिटक विन्यासाच्या संकेतस्थळावर देवनागरीत वाचता येते.

खरी अडचण फॉन्टची. मंडळाचे जुने अहवाल, जयंतीच्या पत्रिका श्रीलिपीत टाइप केलेल्या असतील तर त्या युनिकोड नाहीत. फॉन्ट नसेल तिथे नुसती अगम्य चिन्हे दिसतात. बदल करण्याआधी त्यांचा मजकूर युनिकोडमध्ये आणावा, शिवाय प्रत्येकाची पीडीएफ ठेवावी. वाडीचा तेवढाच लेखी इतिहास असतो. कोरलड्रॉ आणि पेजमेकर लिनक्ससाठी मिळत नाहीत. बॅनर-पत्रिकांवर कुणाचे पोट असेल, तर त्याने विंडोजचे एक यंत्र ठेवलेले बरे.

मराठी टंकनासाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये इनस्क्रिप्ट निवडावा.

सुमारे ३ जीबीची फाइल वाडीवरच्या नेटवर उतरत नसेल, तर रत्नागिरीत कुणाकडून तरी उतरवून घ्यावी. नुसती कॉपी चालत नाही. रुफससारख्या प्रोग्रॅमने ती पेनड्राइव्हवर चढवावी लागते. पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केला की काहीही न पुसता लिनक्स चालवून पाहता येते. वायफाय, आवाज आणि प्रिंटर तिथेच तपासावेत. सगळ्या फाइल्स दुसऱ्या डिस्कवर घेतल्याशिवाय 'इन्स्टॉल'ला हात लावू नये.