दूध उकळलं, अंडं शिजवलं तरी न जाणारी रसायनं. पीसीबी आणि डायॉक्सिन म्हणजे काय?

फवारणीच्या औषधाबद्दल आता गावात बहुतेकांना माहिती असते. फवारा मारल्यावर किती दिवस भाजी तोडायची नाही, धुऊन कशी घ्यायची, हे घरातल्या बाईलाही ठाऊक असतं. पण अन्नातून पोटात जाणारी विषाची आणखी एक जात आहे. ती कोणी शेतात मारत नाही. कारखान्यातून, जुन्या विजेच्या सामानातून आणि पेटवलेल्या कचऱ्यातून ती येते. पीसीबी आणि डायॉक्सिन ही त्यातली दोन मुख्य नावं.

ही रसायनं पाण्यात विरघळत नाहीत, चरबीत विरघळतात. सगळी गोम इथेच आहे. जनावराच्या पोटात गेली की लघवीवाटे निघून न जाता ती चरबीत साठतात आणि दुधाच्या फॅटमध्ये, अंड्याच्या बलकात, मटणाच्या व माशाच्या चरबीत उतरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार माणसाच्या शरीरात जाणारं ९० टक्क्यांहून जास्त डायॉक्सिन अन्नातूनच जातं. एकदा शिरलं की त्यातलं निम्मं कमी व्हायलाच ७ ते ११ वर्षं लागतात. उकळून, तळून, कुकरला लावून ते नष्ट होत नाही. त्यासाठी ८५० अंशांपेक्षा जास्त तापमानाची खास भट्टी लागते.

याचा सगळ्यात मोठा धडा जपानला १९६८ साली मिळाला. तिथे एका कारखान्यात तांदळाच्या कोंड्यापासून खाद्यतेल तयार व्हायचं. तेल तापवण्यासाठी नळ्यांमधून पीसीबी खेळवत असत. नळी गळली आणि पीसीबी तेलात मिसळलं. आधी कोंबड्या मेल्या, त्याही लाखोंच्या संख्येने, कारण याच कारखान्याचं उरलेलं तेल पशुखाद्यात जात होतं. ती धोक्याची घंटा वेळीच कोणी ऐकली नाही. मग माणसांच्या अंगावर पुळ्या उठल्या, नखं काळी पडली, डोळ्यांतून चिकट स्राव यायला लागला. काही बायकांना काळपट कातडीची बाळं झाली. सुमारे १४,००० लोकांनी तक्रारी केल्या. पुढे १९७९ मध्ये तैवानमध्ये तंतोतंत तसंच घडलं.

आपल्याकडे असं काही घडलं असं इथे म्हणायचं नाही. पण आपल्या गावातही हे विष तयार होऊ शकतं, आणि त्याला कारखाना लागत नाही. पीव्हीसी पाइपचे तुकडे, वायरीवरचं आवरण यांत क्लोरीन असतं. ते उघड्यावर, धुमसत्या आगीत जळालं की डायॉक्सिन तयार होतं. तांब्यामुळे ही क्रिया आणखी वाढते. म्हणजे भंगारात तांबं विकण्यासाठी वायरी जाळणं हा यातला सगळ्यात वाईट प्रकार.

ती राख उकिरड्यावर पडते. गावरान कोंबडी दिवसभर तिथेच उकरते, दाण्याबरोबर मातीही टिपते. कचरा जाळण्याच्या जागांजवळच्या मोकळ्या कोंबड्यांच्या अंड्यांत डायॉक्सिन जास्त सापडल्याचं जगात अनेक ठिकाणच्या तपासण्यांत दिसलंय. गावरान अंडं चांगलंच, पण कोंबडी कुठे चरते तेही बघायला हवं. जनावरांचं तसंच. धूर आणि राख चाऱ्यावर बसते, चारा गाईच्या पोटात, तिथून दुधात. डेअरीवर फॅट लागते, एसएनएफ लागतं. हे लागत नाही. त्याची तपासणी मोठ्या प्रयोगशाळेतच होते आणि महाग असते. पिकाच्या मुळांतून मात्र ही रसायनं फारशी वर चढत नाहीत, त्यामुळे भाजी, फळं नीट धुतली तर बराचसा भाग निघून जातो.

घाबरून दूध-अंडी बंद करू नका. एखाद-दुसऱ्या अंड्याने काही होत नाही, प्रश्न वर्षानुवर्षं साठण्याचा आहे. बाळंतिणीने अंगावर पाजणं तर अजिबात थांबवू नये, आईच्या दुधाचा फायदा कितीतरी मोठा आहे. मटणाची चरबी काढून टाकावी. कोंबड्यांची आणि गोठ्याची जागा राखेपासून लांब ठेवावी. कचरा उघड्यावर जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये बंदी घातली असून साधा दंड ५,००० रुपये, मोठ्या प्रमाणात जाळला तर २५,००० रुपये आहे. ग्रामपंचायतीच्या कचऱ्याच्या जागेवर सारखा धूर निघत असेल तर ग्रामसभेत हा आकडा सांगायला हरकत नाही.

राहिलं डीपीचं ऑइल. बहुतेक रोहित्रांत साधं खनिज तेल असतं, पण जुन्या रोहित्रांत पीसीबी मिसळलेलं असू शकतं आणि ते रंगावरून किंवा वासावरून ओळखता येत नाही. भारताने २०१६ च्या आदेशाने पीसीबीचं उत्पादन आणि आयात बंद केली आणि वापर थांबवण्यासाठी ३१ डिसेंबर २०२५ ही मुदत दिली. गळालेलं ऑइल गुडघ्याला चोळणं, चुलीत टाकणं, जनावराच्या जखमेला लावणं हे प्रकार करू नयेत. त्याचा रिकामा डबा धुऊन त्यात पेंड भिजवायला किंवा पाणी भरायलाही घेऊ नये.