लिंफोमा, मंदगती : लक्ष्यवेधी उपचारांचा प्रारंभिक प्रतिसाद
लघुलसीकापेशी लिंफोमा या वर्षानुवर्षे संथपणे वाढणाऱ्या कर्करोगात ब्रुटन टायरोसिन कायनेज या एंझाइमाचा रोध करणारे इब्रुटिनिब सुरू केल्यावर मानेतील वा काखेतील गाठी बहुधा काही आठवड्यांतच ओसरू लागतात. तथापि त्याच सुमारास रक्तातील लसीकापेशींची संख्या पुष्कळदा बेसुमार वाढते, आणि केवळ रक्ततपासणीवर हवाला ठेवणारा चिकित्सक औषध निष्फळ ठरल्याचा निवाडा घाईने देऊन बसण्याचा संभव असतो. वस्तुतः गाठींत चिकटून राहिलेल्या पेशी बंधमुक्त होऊन रक्तात उतरलेल्या असतात. हे स्थलांतर होय, वृद्धी नव्हे. म्हणूनच २०१२ मध्ये, रोग बळावल्याचे अन्य लक्षण नसता एकट्या या वाढीस रोगप्रगती मानू नये, अशी निकषांची दुरुस्ती तज्ज्ञांनी सुचविली. नवी गाठ उद्भवल्यास किंवा प्लीहा पुन्हा वाढल्यास मात्र गोष्ट निराळी.