धुराड्यातील काजळी
लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये धुराडी साफ करणाऱ्यांच्या वृषणकोशाच्या त्वचेला होणारा कर्करोग तेथील वळ्यांत साचणाऱ्या काजळीशी जोडला, आणि व्यवसायजन्य, म्हणजे कामातूनच जडणाऱ्या, कर्करोगाचे ते पहिले ठळक वर्णन ठरले. बालपणी अरुंद धुराड्यांत चढवलेल्यांना हा रोग बहुधा प्रौढपणी गाठत असे. १७८८ च्या कायद्याने ८ वर्षांखालील मुलांना या कामास मनाई केली, पण अंमलबजावणीची यंत्रणाच नसल्याने ती कागदावर राहिली. धुराडी साफ करणाऱ्यांवर परवान्याची सक्ती १८७५ मध्ये आली. युरोप खंडातील सफाईकामगार अंगाला घट्ट बसणारे कपडे घालत व नियमित अंग धूत, त्यामुळे त्यांच्यात हा रोग विरळ होता, असे शल्यचिकित्सक हेन्री बटलिन यांनी १८९२ मध्ये मांडले; काजळीतील बेंझोपायरिन हे कर्करोगकारक द्रव्य मात्र १९३३ मध्ये कोळशाच्या डांबरातून वेगळे झाले.