विकीर्ण आलेख (मॅटप्लॉटलिब)

विकीर्ण आलेख : दोन मापांच्या जोड्या ठिपक्यांनी मांडणारा आलेख. एक माप आडव्या अक्षावर, दुसरे उभ्या अक्षावर, आणि प्रत्येक नोंदीला एक ठिपका. जॉन हंटर या मेंदूसंशोधकाने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मॅटप्लॉटलिब या पायथन लायब्ररीत तो ‘स्कॅटर’ या एकाच आज्ञेने निघतो. आज्ञा एवढी सोपी असल्याने काढणाऱ्याला काही ठरवावे लागत नाही, असा समज होतो. तो चुकीचा आहे. ठिपक्याचा रंग, आकार, पारदर्शकता आणि अक्षाची मोजपट्टी यांवर आलेखातून काय दिसेल हे ठरते, आणि आपण हे ठरवले नाही तर लायब्ररी आपल्यासाठी ठरवून टाकते.

वऱ्हाडातला खारपाणपट्टा याची चांगली कसोटी घेतो. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात पसरलेल्या या पट्ट्यातले भूजल अनेक ठिकाणी पिण्याला आणि ओलिताला निकामी आहे. विहिरीची खोली आडवी आणि क्षारांचे माप म्हणून पाण्याची विद्युतवाहकता उभी धरून सगळे ठिपके लायब्ररीच्या ठरावीक निळ्या रंगात टाकले, तर बहुधा एक आकारहीन ढग दिसेल आणि खोलीचा क्षारांशी संबंध नाही असा निष्कर्ष निघेल. प्रत्यक्षात नदीकाठच्या गाळात खोल गेले की बऱ्याच ठिकाणी पाणी अधिक खारे लागते, तर सातपुड्याच्या पायथ्याशी, अकोट-तेल्हाऱ्याच्या उत्तरेला, खोल विहिरींनाही गोडे पाणी मिळते. आज्ञेतल्या ‘सी’ या घटकाला भूभागानुसार रंग दिले की ढगाचे दोन भाग होतात. अकोल्याच्या जठारपेठेतल्या बोअरचा नमुना आणि तिथल्याच नळाचा नमुना यांनाही एकच चिन्ह देता येत नाही. अकोला शहराला महानच्या काटेपूर्णा धरणाचे पाणी येते, ते भूजल नव्हेच. त्याला ‘मार्कर’ वेगळा हवा, खरे तर तो ठिपका या आलेखात नसलेलाच बरा.

यावर संख्याशास्त्राचा जाणकार म्हणेल की सहसंबंधाचा गुणांक काढला की पुरे, चित्र कशाला? फ्रान्सिस अँस्कोम्ब यांनी १९७३ मध्येच याचे उत्तर दिले आहे. त्यांच्या चारही संचांत अकरा-अकरा ठिपके आहेत आणि गुणांक जवळपास सारखाच, ०.८१६. पण एक संच सरळ रेषेभोवती, दुसरा वक्र, आणि उरलेल्या दोघांत एखाददुसरा ठिपका सगळा निकाल फिरवतो. गुणांक चित्र पाहून झाल्यावर काढावा. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे : एक्सेलमध्येही ठिपके टाकता येतात, मग प्रोग्रॅम लिहिण्याचा खटाटोप कशाला? कारण प्रोग्रॅममध्ये घेतलेला प्रत्येक निर्णय लिहिलेला राहतो. पावसाळ्यापूर्वीचे नमुने आणि नंतरचे नमुने त्याच अक्षांवर, त्याच रंगांत पुन्हा काढता येतात, आणि कुणी काय वगळले हे दुसऱ्याला वाचून कळते. माउसने ओढून केलेल्या बदलांचा असा माग सहसा उरत नाही.

काही गोष्टी हटकून चुकतात. ‘एस’ हा घटक ठिपक्याची रुंदी नसून क्षेत्रफळ मोजतो, तेही पॉइंटच्या वर्गात. ठिपका दुप्पट रुंद करायचा तर संख्या चौपट करावी लागते. गर्दी झाली की ‘अल्फा’ कमी करून ठिपके अर्धपारदर्शक करावेत. नोंदी हजारोंनी असतील तर षट्कोनी खाने पाडणारी ‘हेक्सबिन’ ही आज्ञा अधिक प्रामाणिक. वाहकतेची मापे काही शेकड्यांपासून काही हजारांपर्यंत जातात, म्हणून तिचा अक्ष लॉग मोजपट्टीवर घ्यावा. अमेरिकेच्या क्षारता प्रयोगशाळेने १९५४ मध्ये दिलेला ओलिताच्या पाण्याचा वर्गीकरण-आलेखही तसाच आहे : आडवी वाहकता लॉगमध्ये, उभे सोडियमचे गुणोत्तर, आणि मध्ये सोळा वर्गांच्या चौकटी. रेखांश-अक्षांशांचे ठिपके टाकून नकाशा करताना अकोल्याच्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे २०.७ अंशांवर, उभा अंश आडव्यापेक्षा साधारण १.०७ पट लांब ठेवावा लागतो. नाहीतर जिल्हा आडवा ताणलेला दिसतो.

मराठी नावांची अडचण निराळी. लायब्ररीच्या मूळ डेजावू फाँटमध्ये देवनागरी नाही, त्यामुळे अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन येतात. नोटो किंवा लोहित फाँट दिला तरी जुन्या आवृत्त्यांना जोडाक्षरे घडवता येत नाहीत आणि ऱ्हस्व इकार अक्षराच्या मागे जातो. त्यामुळे ‘जठारपेठ’ वाचता येते, पण ‘विहीर’ आणि ‘क्षारता’ बिघडतात, आणि अक्षांवर नेमके हेच शब्द लागतात. अशा आवृत्तीत आलेख शीर्षकांविना काढून अक्षरे इंकस्केपसारख्या प्रोग्रॅममध्ये बसवणे हा खात्रीचा मार्ग.