तेवढेच सिलिंडर, जास्त शक्ती

कल्याणच्या डिझेल शेडने अनेक वर्षे ‘डब्ल्यूडीएम-२’ इंजिने सांभाळली. १९६२पासून भारतात आलेल्या या इंजिनांचे १६ सिलिंडर २६०० अश्वशक्ती देत. १९९०च्या दशकात ‘डब्ल्यूडीएम-३ए’मध्ये तेवढ्याच सिलिंडरांतून ३१०० मिळू लागली. कशी? नुसते डिझेल वाढवले तर काळा धूर. ते जळायला हवाही हवी. बाहेर पडणाऱ्या धुरावर टर्बाइन फिरवून हवा आत कोंबायची, ही आल्फ्रेड ब्युखीची १९०५ची युक्ती इंजिनात होतीच. आता टर्बो सुधारला. आम्हाला मोलाचा वाटतो तो मोठा कूलर. हवा दाबली की सायकलच्या पंपासारखी तापते. गार केली की त्याच जागेत जास्त मावते.

तरी शिरायचे सिलिंडर-हेडमधल्या वाटांनीच. डोंबिवलीला लोकलमध्ये चढणाऱ्यांना हे समजवायला नको: मागून रेटा कितीही असो, दार तेवढेच. म्हणून मोटारींचे कारागीर या वाटा घासून रुंद करतात. फार रुंद केल्या, तर हवेचा वेग मंदावतो.