जागल्या गेला, कुलूप राहिले

गेल्या दिवाळीत एचएसआर लेआउटमधील आमच्या इमारतीत एक बंद घर फुटले. कुटुंब चार दिवसांसाठी साताऱ्याला गेले होते. रहिवाशांच्या सभेत कॅमेरे, जाळ्या आणि कुलपे यांवर बरीच चर्चा झाली व अखेर सर्वांचा रोख रात्रीच्या रखवालदाराकडे वळला. त्याला काढून टाकावे, असा ठराव आला. तो मुलगा कामावर येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. कोणत्या घरात कोण राहते, हेही त्याला कोणी सांगितलेले नव्हते. आयुष्य प्रशासनात गेल्यामुळे माझ्या मनात एक जुनाच प्रश्न आला : चोरी झाली तर उत्तरदायी कोण?

पेशवाईतील दख्खनच्या गावांत या प्रश्नाचे उत्तर ठरलेले होते. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात ते नोंदवले आहे. गावच्या बंदोबस्ताची जबाबदारी पाटलाची. त्याच्या हाताखाली जागल्या. हा बहुधा रामोशी किंवा भिल्ल असे. रात्री गस्त घालणे, गावात येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवणे आणि प्रत्येकाची चालचलणूक ओळखून असणे, हे त्याचे काम. चोरी झाल्यास माग काढायचा. माग शेजारच्या गावाच्या शिवेत नेऊन दाखवला, की जबाबदारी त्या गावावर जाई. चोर सापडला नाही तर जागल्याने ऐपतीप्रमाणे नुकसान भरून द्यायचे आणि उरलेली रक्कम साऱ्या गावावर बसायची. या दायित्वाच्या बदल्यात त्याला गावाकडून ठरलेले हक्क मिळत.

कर्नाटकातील व्यवस्थाही वेगळी नव्हती. गावच्या बारा आयगारांत तळवार आणि तोटी हे रखवालीचे कामगार होते. होसूर-सर्जापूर रस्त्यावरून नाव मिळालेली आमची ही वसाहत बंगळूर विकास प्राधिकरणाने अगरा तलावाच्या परिसरात आखली. सेक्टर आले, क्रमांक आले. पण ‘येथला माणूस कोण आणि परका कोण’ हे ओळखणारे पद कोणत्याच आराखड्यात नव्हते.

जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. ती जातीला जखडलेली होती आणि तोट्याचा पहिला भार गावातील सर्वांत दुबळ्या माणसावर टाकत होती. पण ती मोडली कशी, हेही पाहण्यासारखे आहे. १८१८ नंतर किल्ल्यांवरील शिबंदी मोडली, रखवालीचे जुने हक्क आटले आणि पुरंदरच्या परिसरातून उमाजी नाईकांचे बंड उभे राहिले. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी झाली. पुढे गुन्हेगार जमातींच्या कायद्याने पूर्वीच्या राखणदारांनाच जन्मजात चोर ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला; महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत मात्र रामोशी हे नाव आजही आहे. हक्क काढून घ्यायचा आणि संशय तेवढा ठेवायचा, ही आपली सवय अशी जुनी आहे.

कायद्याने शिक्षेची तजवीज चोख केली. चोरीसाठी रात्री घर फोडणाऱ्यास १८६० च्या दंडसंहितेत चौदा वर्षांपर्यंत कारावास होता; १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो आहे. परंतु शिक्षा घटनेनंतर येते. घटना टाळते ती ओळख. २००५ च्या खाजगी सुरक्षा संस्थांच्या कायद्याने संस्थेला परवाना आणि रखवालदाराला पूर्वचारित्र्याची पडताळणी व प्रशिक्षण आवश्यक केले आहे. आमच्यापैकी एकानेही तो परवाना पाहिला नव्हता.

सभेत मी एवढेच मांडले. ठराव मागे घेण्यात आला. मुलाला घरांची यादी, दूरध्वनी क्रमांक आणि आठवड्याची सुटी मिळाली. परवाना तपासण्याचे काम दोघांनी अंगावर घेतले. गावी जाणाऱ्याने दोन शेजाऱ्यांना आणि रखवालदाराला सांगून जावे, दूध-वर्तमानपत्र बंद करावे, दागिने बँकेत ठेवावेत, हे ठरले.

आपण परगावी राहणारी माणसे सणाला घर बंद करून निघतो. कुलूप जरूर चांगले घ्यावे. पण निघण्यापूर्वी शेजाऱ्याचे दार वाजवावे आणि खालच्या मुलाला त्याचे नाव विचारावे. आमच्या सभेत ते नाव कोणालाच ठाऊक नव्हते, मलाही नव्हते.