शिडी मागणारा माणूस : दारावरच्या दुरुस्तीचा एक इतिहास

गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते; स्वतंत्र जिल्हा व्हायला १ मे १९९९ उजाडावा लागला. १९८६ सालच्या मे महिन्यातल्या एका दुपारी आमच्या कवेलूच्या घरासमोर एक अनोळखी माणूस येऊन थांबला. त्याने घराकडे नव्हे, घराच्या वर पाहिले आणि आईला म्हणाला, "माय, तुमचे कवेलू फुटले हायेत जी. पाणी लागलं का घर गळते पाहा." आम्ही त्याला बोलावले नव्हते. त्याच्याजवळ एक पिशवी होती, शिडी नव्हती. शिडी त्याने आमच्याकडेच मागितली.

ज्यांनी कवेलूचे घर पाहिलेले नाही अशा वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. गावठी कवेलू कुंभाराच्या हातचे, अर्धगोल, पन्हाळीसारखे असते. एक ओळ उताणी, तिच्यावर दुसरी पालथी, असे ते बांबूच्या काड्यांवर नुसते रचलेले असतात. चुना नाही, सिमेंट नाही. माकडांची एक टोळी घरावरून गेली की शेदोनशे कवेलू सरकतात, त्यांतले काही फुटतात. म्हणून मृगाच्या आधी दरवर्षी सगळे घर फेरून घ्यायचे. खालून पाहणाऱ्याला फटीतून येणारा उन्हाचा कवडसा दिसतो. पण कवेलू सरकले आहे की फुटले आहे, हे वर चढणाऱ्यालाच कळते. आणि वर चढणारा तोच, ज्याला दुरुस्तीचे पैसे मिळायचे असतात. दारावरच्या दुरुस्तीचा सगळा पेच या एका गोष्टीत आहे. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये नेमक्या अशाच सेवांचा विचार मांडला : ज्यांत दोष सांगणारा आणि दोष दूर करणारा एकच असतो, आणि काम झाल्यावरही ते गरजेचे होते की नाही हे गिऱ्हाइकाला ठरवता येत नाही. आमच्या आईला अर्थशास्त्र येत नव्हते. पेच मात्र पुरता ठाऊक होता.

तो माणूस तासाभराने उतरला तेव्हा त्याने फुटक्या कवेलूंचे तुकडे अंगणात आणून टाकले. पैसे घेऊन तो गेला. मग वडिलांनी ते तुकडे उलटसुलट करून पाहिले. काहींच्या तुटल्या कडा काळ्या, शेवाळलेल्या होत्या. काहींच्या लालभडक, ताज्या. म्हणजे काही कवेलू आधीच फुटलेले होते आणि काही त्या दुपारी फुटले होते. मात्र जुन्या कवेलूंवर कितीही जपून पाय टाकला तरी चार फुटतातच. लाल कडा म्हणजे लबाडी, असे म्हणता येत नव्हते. नाही असेही म्हणता येत नव्हते.

हा माणूस आमच्या दारी आला त्यामागे मोठा इतिहास आहे, आणि मराठी साहित्याच्या अभ्यासकांना तो परका नाही. जुन्या गावात दुरुस्ती हे बोलावण्याचे किंवा न बोलावण्याचे काम नव्हतेच. सुतार, लोहार, कुंभार यांचे गावाशी बांधलेले नाते होते. देशावर त्याला बलुते म्हणत, आमच्या धानाच्या मुलखात नांगरामागे वर्षाचे धान्य ठरलेले असे. नांगराचा फाळ बिघडला तर लोहाराने तो नीट करायचा, हे त्याचे काम होते आणि खळ्यावरचा वाटा हा त्याचा हक्क. त्याने काम वाईट केले तर तो उद्याही गावातच सापडायचा. गावातले कारागीर प्रामाणिक होते म्हणून हा विश्वास होता, असे भाबडेपणाने समजण्याचे कारण नाही. त्यांना पळून जायला जागा नव्हती, एवढेच.

पण गावाच्या कारागिरांकडून सगळी कामे होत नसत. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई, गादी-रजईतल्या कापसाची पिंजाई, सुऱ्या-विळ्यांना धार, आणि जात्याला टाकी लावणे ही कामे अशी की एका गावात त्यांवर वर्षभर पोट भरत नाही. म्हणून ती करणारे फिरत राहिले. त्यांना वाटा नव्हता. होती ती फक्त आरोळी.

जात्याचे उदाहरण विशेष बोलके आहे. दळता दळता दोन्ही तळ्यांचे दगड गुळगुळीत होतात. मग दाणे भरडले जातात, पण पीठ बारीक पडत नाही आणि ओढणाऱ्या बाईचे खांदे दुखतात. टाकी म्हणजे छिन्नी. तिने दगडाला बारीक बारीक टिचे मारून तो पुन्हा खरबरीत करायचा, मग पहिला घास कोंड्याचा दळून खर काढून टाकायची. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असे आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर मूर्तिकार असतो. घरोघर घुमणारा टाकीचा आवाज मात्र जाते टाकणाऱ्याचा होता. जात्यावरच्या ओव्यांवर आपल्याकडे किती लिहिले गेले! ते जाते दळण्याजोगे ठेवणाऱ्या माणसावर मात्र अगदीच थोडे.

त्याच्यावर जे लिहिले गेले ते बरेचसे पोलिसांनी लिहिले. मेजर गन्थॉर्प या अधिकाऱ्याचे मुंबई इलाखा, वऱ्हाड आणि मध्य प्रांतातील 'गुन्हेगार' जमातींवरील टिपणांचे पुस्तक १८८२ मध्ये निघाले. केनेडी या पोलीस अधिकाऱ्याचे मुंबई इलाख्यावरचे अशाच प्रकारचे पुस्तक १९०८चे. रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरील चार खंडांत (१९१६) 'टाकणकार' ही नोंद आहे आणि नावाची व्युत्पत्ती टाकण्यावरूनच दिली आहे. या साऱ्या लिखाणाचा रोख असा की जाते टाकण्याच्या मिषाने हे लोक घरात शिरतात आणि घराची टेहळणी करतात. हे वाक्य नीट वाचावे. जाते घराच्या आतल्या भागात असते. ते टाकायचे तर आत जावेच लागते, आणि आत गेलेल्याला घर दिसतेच. म्हणजे धंद्याची अटच संशयाचा पुरावा ठरली. त्यांच्यातल्या कोणी कधी चोरी केलीच नसेल, असा दावा आम्ही करीत नाही. पण एखाद्याने चोरी करणे आणि जातीच्या नावापुढे 'चोर' लिहिणे यांत जे अंतर आहे ते या पुस्तकांनी मिटवले.

कायद्याने तर ते आधीच मिटवले होते. १८७१चा सत्ताविसावा कायदा, म्हणजे गुन्हेगार जमाती कायदा, आरंभी उत्तरेकडील प्रांतांपुरता होता. १९११ च्या कायद्याने तो देशभर लावण्याची सोय झाली, १९२४ मध्ये त्याला शेवटचे रूप मिळाले. जमात एकदा जाहीर झाली की तिच्यातल्या माणसांची नोंद, बोटांचे ठसे, हजेरी, आणि गाव सोडायचे तर परवाना. ज्याचे पोट फिरण्यावर आहे त्याचे फिरणे हाच गुन्हा झाला. छप्परबंदांची गोष्ट यात आम्हाला सर्वांत कडवट वाटते. या जमातीचे नावच छप्पर शाकारण्यावरून पडलेले. मोगल फौजेबरोबर येऊन सैनिकांची छपरे उभारणारे ते हे लोक, अशी त्यांची परंपरागत कथा. इंग्रजी अमलात ते खोटी नाणी पाडणारे म्हणून गुन्हेगार जमातींत गेले. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत छप्परबंद आजही आहेत, आणि टकारीही.

आपल्याकडचे विचारवंत यात कोठे होते? त्र्यंबक नारायण आत्रे यांचा 'गांवगाडा' १९१५चा. गावाच्या अर्थव्यवहाराचे इतके बारकाईचे पुस्तक मराठीत दुसरे क्वचितच असेल, आणि त्यात फिरस्त्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. आत्र्यांची नजर तीक्ष्ण आहे, तपशील भरघोस आहे. पण ती नजर कुणब्याच्या ओट्यावर बसून पाहणारी आहे. दारी येणारा प्रत्येक जण त्यांना कुणब्याच्या कणगीवरचा भार दिसतो. भीक मागणारा आणि काम मागणारा यांच्यातला फरक त्या नजरेत पुसट होत जातो. वर्गात हे पुस्तक शिकवताना ओट्याची ही जागा विद्यार्थ्यांना दाखवावी असे आम्हाला वाटते.

दाराच्या दुसऱ्या बाजूने मराठी वाचकाला ऐकू आले ते बरेच उशिरा. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८०चे, लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७चे. दोन्हींना साहित्य अकादमीचे पुरस्कार मिळाले. गाढवावर बिऱ्हाड लादून गावोगाव टोपल्या विणत जाणाऱ्या कैकाडी कुटुंबाला दार कसे दिसते, ते 'उपरा'ने दाखवले. आमच्या अंगणात तो कवेलूवाला आला तेव्हा 'उपरा' प्रसिद्ध होऊन सहा वर्षे झाली होती. पुस्तक आमच्या घरात होतेही.

आता एक बाजू टाळून चालणार नाही. दारावर येणारे काही जण खरोखर फसवायलाच येतात, आणि त्यांची रीत इतकी ठरीव आहे की तिचाही इतिहास लिहिता यावा. दोघे येतात. भांडी उजळायची पावडर विकतो म्हणतात. आधी तांब्याचा गडवा फुकट घासून लख्ख करून दाखवतात, मग चांदीचे पैंजण. एवढ्यात विश्वास बसतो, आणि बांगड्या हातातून निघतात. त्या ज्या द्रवात बुडवल्या जातात तो आम्लराज असू शकतो : नत्राम्ल आणि मिठाचे आम्ल यांचे मिश्रण, ज्यात सोने विरघळते. दागिना परत मिळतो, चकाकतही असतो. वजन मात्र घटलेले. कधी हळदीच्या पाण्यात दागिने टाकून डबा बंद करून देतात, आणि डबा उघडावा तो आत काही नाही. कल्हईतही लबाडी होतीच. कथील महाग, शिसे स्वस्त. कथलात शिसे मिसळले तर भांडे त्या दिवशी चमकते आणि पुढे घरातली माणसे विष खातात. जाणत्या बाया कल्हई झालेल्या भांड्यात बोट घासून काळे लागते का ते पाहत. आम्हाला ही परीक्षा फार मोलाची वाटते, कारण ती भांड्याची होती.

फसवणुकीला कायदा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचे ४२० कलम होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे ३१८ आहे. तो कायदा कृत्य पाहतो. गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, पण 'सराईत गुन्हेगार' कायद्यांच्या रूपाने त्याची सावली उरली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तुरुंगांतील जातिभेदाविषयीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला विमुक्त जमातींच्या माणसांना मनमानीने अटक करू नये, असे पोलिसांना बजावावे लागले. रद्द होऊन बहात्तर वर्षे झाल्यावर!

आणि हे केवळ पोलिसांचे नाही. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, सोलापूर जिल्ह्यातून आलेले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, ही अफवा तेवढी त्यांच्या आधी तिथे पोचली होती. ते दुरुस्तीवाले नव्हते, भिक्षेकरी होते. पण अनोळखी माणूस दारात आला की त्याच्याकडे काय पाहायचे, हे जे आपण पिढ्यान्‌पिढ्या शिकलो, तेच त्या जमावानेही शिकलेले होते.

गोंदियाकडे आता कवेलूची घरे झपाट्याने कमी झाली. स्लॅब आले, पत्रे आले. जाते कोपऱ्यात गेले, स्टीलने कल्हई संपवली. दारावर येणारे संपले नाहीत. ते आता गॅसची शेगडी, मिक्सर, पाण्याचे फिल्टर 'तपासून देतो' म्हणतात. गणवेश आणि गळ्यातले ओळखपत्र पाहून आपण त्यांना आत घेतो. ओळखपत्र कोणी छापले हे कोण विचारते?

आईने त्या दुपारी विचारले होते. "गाव कोणतं, भाऊ?" त्याने सांगितले. "या वस्तीत कोणाकडचं काम केलं?" त्याने दोन घरे सांगितली, आम्हाला धावत पाठवून आईने त्यांतल्या एका घरी खात्री करून घेतली. ते घर खरोखर फेरलेले होते, आणि तिथल्या काकूंची काही तक्रार नव्हती. हे दोन्ही प्रश्न रास्त होते. तिसराही तिने विचारला : "तुम्ही कोण लोक?"

तो क्षणभर थांबला, मग त्याने सांगितले. आईने शिडी दिली. पण तो शिडी लावत होता तेवढ्यात तिने आम्हाला डोळ्यांनी खुणावले, आणि अंगणातला पितळी गुंड आम्ही उचलून आत नेऊन ठेवला. त्याने ते वरून पाहिले.